घराबरोबर आलेली आत्या

सगुणाआत्या आमची कोणी नव्हती. रक्ताची नाही, गोताची नाही, आमच्या गावाकडचीही नाही. ती आम्हाला घराबरोबर मिळाली. मी असं बोललो की लोक हसतात, आणि माझी सून म्हणते, "बाबा, माणसाबद्दल असं बोलू नये." नाही बोलत. पण खरं ते खरं. आणि आत्या आज असती तर तिनं स्वतःच सांगितलं असतं, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात.

जबलपूरच्या घमापुरातलं हे घर मी घेतलं तेव्हा आपला मध्यप्रांत होता आणि राजधानी नागपूरला होती. जबलपुरातले नोकरीवाले मराठी लोक बदली झाली की सामान बांधून तिकडे निघायचे. वामनराव त्यांतलेच. कचेरीत कारकून, स्वभावानं गरीब, बोटांवर कायम शाई. आईबाप वारलेले, बायको नागपूरची, बदलीही तिकडेच झाली, म्हणून त्यांनी बापाचं घर विकायला काढलं. मी तेव्हा रेल्वेत फिटर. दोन यत्ता शिकलो, पुढं मास्तरशी पटलं नाही. आता या वयात लिहायला बसलो आहे तर चुका निघतील, त्या निघू द्या. घर मात्र मी कोणाच्या सांगण्यावरून घेतलं नाही, स्वतः भिंती ठोकून घेतलं.

आमच्या मोहल्ल्यात घर घ्यायची एक रीत होती. बयाना द्यायच्या आधी घेणारा, विकणारा आणि दलाल अशा तिघांनी मिळून अख्खं घर फिरायचं, आणि काय राहणार, काय जाणार ते वस्तूला हात लावून ठरवायचं. कागदात नुसतं घर लिहिलेलं असायचं. खरा सौदा या फेरीत. आमचा दलाल लल्लू भैया, पान खाऊन ओठ लाल झालेला माणूस. तो उंबऱ्यावरच म्हणाला, "देखो भैया, जो जडा-गडा सो मकान का, जो धरा-उठा सो मालिक का. इस पर झगडा नहीं." म्हणजे भिंतीत बसवलेलं, जमिनीत गाडलेलं ते घराबरोबर राहणार. जे नुसतं ठेवलेलं आहे, उचलता येतं, ते विकणारा नेणार.

ओसरीपर्यंत सगळं सुरळीत झालं. झोपाळ्याच्या कड्या आढ्यात ठोकलेल्या, त्या राहिल्या, फळी वामनरावांची. आंगणातलं उखळ जमिनीत गाडलेलं, ते राहिलं. मुसळ सुटं होतं. मी म्हटलं, मुसळाशिवाय उखळ घेऊन मी काय त्यात दिवा लावू? तेव्हा वामनराव हसले आणि मुसळही सोडलं. मग आम्ही माजघरात आलो आणि तिथं अडलं. भिंतीत एक फडताळ होतं, सागवानी दारांचं, कोरीव कामाचं. वामनरावांना ती दारं न्यायची होती. म्हणाले, "दारं बिजागरीवर आहेत. स्क्रू फिरवला की सुटतात. म्हणजे ती सुटीच वस्तू झाली."

शिकलेल्या माणसाचं डोकं बघा. मी म्हटलं, "मग समोरचा दरवाजाही बिजागरीवर आहे, तोही न्या. आणि छपरावरचे कवेलू तर कोणी ठोकलेलेच नाहीत, एकावर एक ठेवलेत. ते टोपलीत भरा, आम्ही आभाळाखाली राहतो."

ते मऊ माणूस, पण बायकोनं बजावून पाठवलेलं असावं, म्हणून हटेनात. मीही हटणारा नाही. लल्लू भैया मधे पडला, तर मी त्यालाही गप केलं आणि फडताळावर हात आपटून म्हणालो, या घरात जे जडलेलं-गाडलेलं आहे त्यातलं एक जरी हलू दिलं तर बापाचं नाव लावणार नाही.

तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला, "ऐकलं का रे वामन्या?"

त्या खोलीत कोणी आहे हे मला माहीतच नव्हतं. दारातून पाहिलं तर सारवलेल्या जमिनीवर एक ठेंगणी बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. पांढरं लुगडं, हातात बांगडी नाही. उठली नाही, सूपही खाली ठेवलं नाही.

"हा नवा धनी काय म्हणते ते ऐकलं? जडलं-गाडलं ते हलणार नाही. मग मलेच काहून नागपूरले नेऊन राहिला?"

"आत्या," वामनराव म्हणाले, "तू माणूस आहेस."

"माणूस आहे म्हणून तर विचारून राहिली. नाही तर उखळासारखी गप बसली असती."

मग ती माझ्याकडे वळली, आणि जे बोलली ते असं. काही कळायच्या आत तिचं लग्न झालं आणि काही कळायच्या आत ते संपलं. भाऊ तिला घेऊन आला तेव्हा हे घर बांधायचं चाललं होतं, भिंती कंबरेएवढ्या होत्या. चिखल तुडवायला माणूस कमी पडत होतं, भावानं तिला खड्ड्यात उतरवलं. "या भिंतीत भुसा आहे, शेण आहे, अन् माझे पाय आहेत," ती म्हणाली. "आता तूच सांग बापा. मी जडलेली, का ठेवलेली?"

लल्लू भैयानं एवढ्या मोठ्या आयुष्यात शेकडो घरं विकली असतील. तो आढ्याकडे पाहून राहिला. म्हणाला, "माताजी, ऐसा सौदा तो अपने हाथ से पहली बार गुजर रहा है."

वामनरावांनी मला आंगणात नेलं. लोक म्हणतील, घराबरोबर आत्याही विकली. नागपूरला भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या आहेत, तिथं तिच्यासाठी कोपरा काढला आहे, तुम्ही काहीतरी बोला. मी काय बोलणार? मागून तीच बोलली, तांदूळ निवडता निवडता. "तुझ्या बायकोच्या गावात मी पाहुणी होईन, वामन्या. पाहुणी म्हणून मी एकच घर पाहिलं, सासरचं. तेवढं पुरलं."

मी बोलायला गेलो होतो फडताळाबद्दल, हे खरं आहे. पण बोललो होतो चारचौघांत आणि बापाचं नाव घेऊन. मी वामनरावांना म्हटलं, आत्या राहतील. त्यांना जायचं असेल त्या दिवशी जातील, मी जा म्हणणार नाही. बस, एवढंच. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "रागाच्या भरात लोक भांडी फोडतात. तुम्ही सासू घेऊन आले."

सासू मात्र ती कधी झाली नाही. काय झाली ते सांगणं कठीण आहे. मागची खोली तिची, चूल तिची वेगळी. मोहल्ल्यातल्या बायकांचं कांडण ती करायची, त्यावर तिचं भागायचं. वामनराव काही पाठवू म्हणाले होते, ते तिनं घेतलं नाही. मिरच्या कांडायला बसली की गल्लीतले लोक तोंडाला गमछा लावून जायचे, आणि शेजारची पंडिताइन खिडकीतून ओरडायची, "अरे, आज फिर बैठ गईं मिर्चीवाली माताजी." आत्या शिंकायची नाही. म्हणायची, "मला शिंक येत नाही, मिरचीलाच माझी शिंक येते."

घराशी ती बोलायची. तोंडातल्या तोंडात नाही, चांगलं मोठ्यानं. रस्त्याकडच्या भिंतीला थोरली म्हणायची, पंडिताइनकडच्या भिंतीला धाकटी. सकाळी उठली की थोरलीवर पंजा थोपटायची, बैलाच्या पाठीवर थोपटतात तसा. मला सक्त ताकीद होती की खिळा ठोकायचा तर तिला विचारून. मी विचारत नसे, माझ्याच घरात मी काहून विचारू? एकदा मात्र बायकोच्या आग्रहानं विचारलं. तिनं बोट ठेवून जागा दाखवली, धाकटीवर, इथं ठोक, इथं दगडासारखी आहे म्हणून. मी दोन घाव घातले आणि खिळा पार पंडिताइनच्या घरात निघाला. तिकडून आरडाओरडा, इकडे मी हातोडी घेऊन उभा. आत्यानं भिंतीकडे अशी नजर टाकली की भिंतीला लाज वाटावी. म्हणाली, "म्हातारी झाली ही. आता खोटं बोलायला लागली."

पण एवढा हक्क सांगणारी बाई आमच्या माजघरात कधी न विचारता आली नाही. दाराबाहेर उभी राहून म्हणायची, "येऊ का वो?" माझी बायको म्हणायची, आत्याबाई, घर तुमचं आहे, विचारता काय? त्यावर तिचं ठरलेलं उत्तर होतं, "घर माझं आहे, संसार तुझा आहे." मागच्या आंगणात पेरूचं झाड होतं, तिनंच लावलेलं, त्याचा एक पेरू तिनं आपणहून तोडला नाही. झाड घराबरोबर तुमच्याकडे आलं, म्हणायची. त्याच्या खाली मात्र दुपारभर पाय पसरून बसायची, आणि कोणी बसू लागलं तर त्याला सरकायला सांगायची.

आमची आणि तिची एकदाच खरी तेढ पडली. मी कटनीहून फरशी आणली. चांगली दगडी फरशी, तेव्हा घमापुरात दोन-चार घरांतच होती, आणि मला हौस होती. कारागीर लावून ओसरी, माजघर, स्वयंपाकघर सगळं फरशीचं केलं. आत्या आयुष्यभर त्या जमिनी सारवत आली होती. ती काही बोलली नाही, हेच वाईट होतं. भांडली असती तर मी भांडलो असतो. तिनं आपल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत काम येऊ दिलं आणि तिथं आडवी बसली. कारागिराला म्हणाली, "इथून पुढं मी आहे." मी म्हटलं, राहू द्या. त्यानंतर ती माजघरातून जायची तेव्हा कोणाच्या तरी अंगावरून चालल्यासारखी चालायची, पाय उचलून, हळू.

त्या साली थंडीत माझ्या बायकोचे दिवस भरले. जबलपूरची थंडी आणि कटनीचा दगड, बर्फाची लादी झाली होती ओसरी. बिछाना घातला होता, शेगडी ठेवली होती, तरी तिचे दात वाजत होते. सुईण यायच्या आधीच ती उठली, भिंतीला धरून धरून मागं गेली आणि आत्याच्या दाराबाहेर उभी राहून म्हणाली, "येऊ का?"

माझी पहिली मुलगी त्या खोलीत जन्मली, शेणानं सारवलेल्या ऊबदार जमिनीवर. मी बाहेर आंगणात उभा होतो. आत काय चाललं होतं ते माझ्यासारख्यानं सांगू नये. आत्या पोर दाखवायला दारात आली तेव्हा तिच्या तोंडावर जिंकल्याचा भाव असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "फरशी चांगलीच आहे रे. पण ती उन्हाळ्याची."

बारशाला ती पाळण्याजवळ आली नाही. विधवेनं यायचं नाही अशी रीत, आणि रीत तिनंच धरून ठेवली. माझी बायको रुसली, हात धरून ओढायला गेली, तरी नाही. मग बायका पाळणा म्हणायला लागल्या, आणि सगळ्यांत वरचा आवाज मागच्या खोलीतून यायला लागला. कडवं चुकलं की तोच आवाज थांबून दुरुस्त करायचा. पंडिताइन हसून हसून लोळली. म्हणाली, माताजी आई भी नहीं और गई भी नहीं.

असं काही वर्षं चाललं. वामनराव मधे दोनदा येऊन गेले, आत्याला न्यायची गोष्ट त्यांनी काढली नाही. ते हरले होते आणि हे त्यांच्या लक्षात होतं. मग एका पावसाळ्याच्या शेवटी नागपूरहून कळलं की त्यांची बायको गेली. विषमज्वर झाला आणि गेली. त्यानंतर महिन्याभरात एका सकाळी टांगा थांबला आणि वामनराव उतरले. काखेत वर्षाचीही न झालेली पोर. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली.

ते ओसरीवर बसले आणि पोर रडायला लागली. माझ्या बायकोनं घेतली, रडली. पंडिताइन आली, तिच्याकडेही रडली. वामनराव काही मागायला आले नाहीत असं त्यांच्या बसण्यावरून दिसत होतं. बसले होते, एवढंच. त्यांच्या सासूनं पोर सांभाळायला घेतली होती, पण ती स्वतः आजारी, आणि त्यांना कचेरीत जायचं. हे त्यांनी मला तुटक तुटक सांगितलं, आत्याला नाही. आत्या मागं उखळाशी बसली होती, कोणाची तरी हळद कांडत. तिनं भाच्याला नुसतं बस म्हटलं आणि काम सोडलं नाही.

थोड्या वेळानं आम्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की मुसळ चालू असलं की पोर गप राहते, आणि थांबलं की रडते. आत्याच्याही लक्षात आलं असणार. हळद कांडून झाली, तिनं चाळून डब्यात भरली, आणि मग रिकाम्या उखळात मुसळ मारत बसली. घाव हळू, पण चुकू न देता. पोर झोपेपर्यंत.

दुपारी पोर तिच्या मांडीवर होती. मी दाराशी जाऊन उभा राहिलो. मला बोलणं जमत नाही, पण हे बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "आत्या, ही खोली तुमची आहे. तुम्हाला कोणी जा म्हणणार नाही. मी शब्द दिलेला आहे."

"तू दिला होता," ती म्हणाली. "मी कुठं दिला होता?"

"तिथं भाड्याच्या खोल्या आहेत. तुम्हीच म्हणत होत्या, पाहुणी होऊन राहणार नाही."

तिनं लुगड्याचा ओला झालेला भाग बाजूला केला आणि पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "पाहुणीच्या मांडीवर कोणी मुतत नाही बापा," ती म्हणाली.

माझी बायको चुलीशी जाऊन रडली, आणि मी बाहेर जाऊन टांगेवाल्याला उद्या सकाळचं सांगून आलो.

सकाळी आत्यानं खोली सारवली. पलीकडच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून मागं मागं सरकत उंबऱ्यापर्यंत आली, बाहेर निघाली आणि दार ओढून घेतलं. "वाळू द्या," बायकोला म्हणाली. "तुझ्या पोरीला लगेच जाऊ देऊ नको, पाय उमटतील." हात धुतले. थोरल्या भिंतीपाशी गेली नाही, धाकटीपाशीही नाही. मी पाहत होतो, आज ती काही बोलेल म्हणून. ती सरळ दारातून निघून टांग्याशी आली.

टांग्यात बायामाणसं मागच्या बैठकीवर बसतात. तिथं बसलं की तोंड मागं होतं, आणि जिथून निघालो ते गल्लीच्या टोकापर्यंत दिसत राहतं. माझ्या बायकोनं तिथं गोधडी घडी करून घातली होती. आत्यानं ती पाहिली, हातानं चाचपली, आणि वामनरावांना म्हणाली, "तू बैस इथं." आणि स्वतः पुढं जाऊन टांगेवाल्याच्या बाजूला चढायला लागली. टांगेवाला गडबडला.

"माताजी, पीछे आराम से बैठिए. आगे घोडे की पूँछ लगेगी."

"लगू दे," आत्या म्हणाली. "मला समोर पाहायचं आहे."

बायकोनं पोर तिच्या हातात दिली. तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला, पोरीला मांडीत पक्कं धरलं, आणि टांगेवाल्याला विचारलं की घोड्यानं सकाळी काही खाल्लं का, का तसाच जुंपला. तो काहीतरी म्हणाला. टांगा हलला.

वामनराव मागं बसले होते, आमच्याकडे तोंड करून. घराकडे पाहत होते आणि डोळे पुसत होते. आत्याची फक्त पाठ दिसत होती, टांगेवाल्याच्या पाठीपेक्षा बुटकी, पांढरी. गल्लीत खड्डा आला तशी ती पाठ एकदा उडाली आणि पुन्हा नीट बसली. मी माझ्या मुलीला कडेवर घेऊन रस्त्यात उभा होतो. टांगा वळणाशी पोचला तेव्हा आत्याचा हात बाहेर आला, वर झाला. माझ्या बायकोनं लगेच हात हलवला, मीही हलवला.

तो हात आमच्यासाठी नव्हता. ती पोरीला घोड्याचे कान दाखवत होती.